पेशी वाचली असे केव्हा म्हणावे? पार्किन्सनच्या संशोधनातील पेशी-मॉडेलविषयी प्रश्न

शोधविद्यार्थिनी, बडोदे

नमस्कार. मी बडोद्यात औषधनिर्माणशास्त्रात पीएच.डी. करीत आहे. खाजकुइलीच्या बियांच्या अर्काने, पार्किन्सनमध्ये मरत जाणाऱ्या, डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशींचे रक्षण होते का, हा माझा विषय आहे. खाजकुइली आपल्याकडे कंपवातावर फार पूर्वीपासून दिली जाते. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी तिच्या बियांतून लेव्होडोपा, म्हणजे शरीरात ज्याचे डोपामिन होते आणि जो पार्किन्सनवर गोळीतून देतात तो पदार्थ, वेगळा काढून दाखवला, आणि आजही मांडवीच्या बाजूला काष्ठौषधींच्या दुकानात ‘कौंचा’ मागितला की पुडी बांधून मिळते. विषय निवडण्यामागे घरचेही कारण आहे. माझे मोठे काका सात वर्षांपासून पार्किन्सनने आजारी आहेत. सकाळी शर्टाचे बटण लावताना त्यांची बोटे काजापाशी येऊन थांबतात आणि बराच वेळ तेथेच राहतात, हे मी रोज पाहते.

आतापर्यंत मी एसएच-एसवाय५वाय या सेल लाइनवर, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींवर, काम केले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून या पेशी आणल्या, ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेटमध्ये लावल्या, त्यांना अर्क दिला, तासाभराने त्याच मीडियममध्ये (पेशींच्या पोषक द्रवात) ६-हायड्रॉक्सीडोपामिन हे चेतापेशींचे विष घातले आणि २४ तासांनी एमटीटी ही रंगाची चाचणी केली. नुसते विष दिलेल्या वेलमध्ये रंग फिकट आला आणि अर्क दिलेल्या वेलमध्ये गडद जांभळा आला. हा प्रयोग तीनदा केला आणि तिन्ही वेळा असेच घडले, त्यामुळे मी निश्चिंत होते.

गेल्या महिन्यात प्रगती अहवाल सादर करताना बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे दोन प्रश्न विचारले. या पेशींना तुम्ही डोपामिन चेतापेशी का म्हणता? आणि त्या वाचल्या, हे कशावरून म्हणता? मी प्लेटचे छायाचित्र पुन्हा दाखवले, पण ते उत्तर नव्हे, हे दाखवत असतानाच माझ्या लक्षात आले.

माझ्याकडे दोन वर्षे आहेत आणि प्रयोगशाळा लहान आहे. हीच सेल लाइन ठेवून काम सुधारता येईल, की दुसऱ्या मॉडेलकडे वळावे लागेल? ज्यांनी हे काम हाताने केले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

पेशीसंवर्धक, पुणे

परीक्षकांचे दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण ते वेगवेगळे आहेत. आपण सहसा पहिल्यावरच चर्चा करीत बसतो, म्हणून मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

एमटीटी चाचणी पेशींची मोजणी करत नाही. १९८३ साली मोसमान यांनी ही पद्धत मांडली, तेव्हापासून ती इतकी सोयीची ठरली आहे की ती नेमके काय मोजते याचा आपल्याला विसर पडतो. पिवळ्या एमटीटीचे जांभळ्या फॉर्माझानमध्ये रूपांतर होते ते पेशीतील क्षपण घडवणाऱ्या विकरांमुळे. म्हणजे तो रंग पेशीच्या चयापचयाचा वेग सांगतो. जिची मायटोकॉन्ड्रिया (पेशीतील ऊर्जाकेंद्रे) मंदावली आहेत पण जी मेलेली नाही अशी पेशी फिकट रंग देते, आणि थोड्याच पण जोमाने काम करणाऱ्या पेशी गडद रंग देऊ शकतात. त्यातच वनस्पतींच्या अर्कातील फिनॉल वर्गातील संयुगे पेशी नसतानाही एमटीटीचे थेट क्षपण करू शकतात. तुमच्या अर्कात तर लेव्होडोपाच आहे, आणि तो अशाच रासायनिक स्वभावाचा पदार्थ आहे. म्हणून सर्वांत आधी एक साधा प्रयोग करावा. प्लेटमध्ये पेशी न लावता फक्त मीडियम आणि अर्काच्या सर्व मात्रा घालाव्यात, नेहमीइतकाच वेळ एमटीटी ठेवावे आणि रंग पाहावा. याला एक दिवस लागतो, आणि तो दिवस खर्च केल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी अडचण ६-हायड्रॉक्सीडोपामिनची आहे, आणि ती मला स्वतःला फार महागात पडली. हे विष पेशीत शिरून काम करते असे आपण वाचतो. शस्त्रक्रियेने उंदराच्या मेंदूत दिले तेव्हा ते डोपामिन वाहून नेणाऱ्या प्रथिनातून चेतापेशीत शिरते हे खरेही आहे. संवर्धनातील मीडियममध्ये मात्र ते काही मिनिटांतच आपोआप ऑक्सिडाइज होऊ लागते, त्यातून क्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतात आणि पेशीवर बाहेरूनच मारा होतो. नळीतले रंगहीन द्रावण बघता बघता गुलाबी, मग लालसर तपकिरी होते, ते यामुळेच. साठ्याच्या द्रावणात आपण ॲस्कॉर्बिक आम्ल घालतो ते हे टाळण्यासाठीच. आता विचार करा. त्याच मीडियममध्ये आधीपासून ऑक्सिडीकरणरोधक अर्क असेल, तर त्याची आणि विषाची गाठ पेशीच्या बाहेर, वेलमधील पाण्यातच पडते. मी एका शुद्ध संयुगावर आठ महिने काम केले होते आणि त्याने पेशींचे उत्तम रक्षण होते असे माझे मत झाले होते. एके दिवशी सहज ते संयुग आणि विष पेशीविना नळीत एकत्र केले, तर गुलाबी रंग आलाच नाही. आठ महिने मी दोन रसायनांची एकमेकांशी झालेली प्रक्रिया मोजत होतो. पेशी तेथे केवळ हजर होती.

यावर उपाय अवघड नाही. पेशींना अर्कासोबत २४ तास ठेवावे, मग मीडियम काढून दोनदा धुवावे, आणि त्यानंतर ताज्या मीडियममध्ये विष द्यावे. एवढे करूनही रक्षण टिकले, तर पेशीच्या आत काही बदल झाला असे म्हणण्यास आधार मिळतो. त्याच्या जोडीने उलटा क्रमही करावा, म्हणजे विष आधी आणि अर्क नंतर. रुग्ण आपल्याकडे येतो तो इजा होऊन गेल्यावरच येतो, आणि रक्षणाचे प्रयोग बहुधा याच क्रमाने केलेले नसतात.

तुमच्या कामात आणखी एक कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा गट, अत्यावश्यक आहे. अर्काच्या प्रत्येक मात्रेत जितका लेव्होडोपा असेल तितकाच शुद्ध लेव्होडोपा वेगळ्या वेलमध्ये द्यावा. तो न दिल्यास, दिसलेला परिणाम बियांतील इतर घटकांचा आहे की केवळ लेव्होडोपाचा, हे कधीच कळणार नाही. त्यासाठी अर्काच्या प्रत्येक घाण्यातील लेव्होडोपाचे प्रमाण एचपीएलसीने (मिश्रणातील घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) मोजून घ्यावे लागेल. अशी संयुगे मीडियममध्ये स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण करतात, हेही ध्यानात ठेवावे. चहातील पॉलिफिनॉलबाबत बॅरी हॅलिवेल यांच्या गटाने २००० साली हे स्पष्टपणे दाखवले. थोड्या वेलमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड मोडणारे कॅटालेज हे विकर घालून पाहिले की या परिणामाचा अंदाज येतो.

मृत्यू मोजायचा असेल तर मृत्यूच मोजावा. फुटलेल्या पेशीतून बाहेर आलेले एलडीएच हे विकर, केवळ मेलेल्या पेशीत शिरणारे प्रोपिडियम आयोडाइड, आणि केंद्रके रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली केलेली प्रत्यक्ष मोजणी, यांपैकी किमान दोन पद्धतींचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले पाहिजेत. डोपामिन बनवण्यास लागणाऱ्या टायरोसिन हायड्रॉक्सिलेज या विकरावरून रंगवलेल्या पेशी मोजतानाही सावध राहावे, कारण आजारी पेशी जिवंत राहूनही हे विकर बनवणे थांबवते आणि मोजणीत ती मेल्यासारखी भासते.

आता पहिला प्रश्न. एसएच-एसवाय५वाय ही मूळची चेतापेशी नाही. न्यूरोब्लास्टोमा हा कोवळ्या चेतापेशींचा कर्करोग झालेल्या चार वर्षांच्या एका मुलीच्या अस्थिमज्जेतून १९७० साली एसके-एन-एसएच ही सेल लाइन मिळाली, आणि तिच्यातून तीन वेळा एकेक पेशी निवडून वाढवत एसएच-एसवाय५वाय तयार झाली. १९७८ साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणजे या विभाजन पावत राहणाऱ्या कर्करोगाच्या पेशी आहेत. त्यांत टायरोसिन हायड्रॉक्सिलेज असते, पण डोपामिनपासून नॉरॲड्रेनॅलिन बनवणारे विकरही असते, त्यामुळे ‘डोपामिन पेशी’ हे नाव त्यांना पुरते लागू पडत नाही. फ्लास्कमध्ये लक्षपूर्वक पाहिलेत तर बारीक तंतू फुटलेल्या पेशींच्या मधे काही सपाट, पसरट पेशी दिसतील, त्या दुसऱ्या प्रकारच्या असतात. पॅसेज, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या, वाढत गेल्या की दोन प्रकारांचे प्रमाण बदलते आणि जानेवारीतला प्रयोग जूनमध्ये जुळत नाही. म्हणून प्रत्येक प्रयोगासोबत पॅसेज क्रमांक नोंदवावा, वीसच्या आत काम आटोपावे आणि संवर्धनात शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूंची तपासणी नियमित करावी.

रेटिनॉइक आम्ल देऊन, सीरम कमी करून त्यांचे विभाजन थांबवता येते आणि तंतू लांबतात. त्याने त्या चेतापेशीसारख्या दिसू लागतात हे खरे, पण नुसत्या रेटिनॉइक आम्लाने त्या विषालाही अधिक दाद देईनाशा होतात. म्हणजे जे मोजायचे तेच आपण आधी बदलून ठेवतो. हे आम्ल प्रकाशाने बिघडते, म्हणून बाटली फॉइलमध्ये गुंडाळून ठेवावी आणि मीडियम दर दोन दिवसांनी बदलावे.

विष बदलायचे असेल तर एमपीपी प्लस या विषाचा विचार करावा, आणि ते घेताना एमपीटीपी मागवू नये. १९८२ साली कॅलिफोर्नियात घरगुती बनावटीचे अमली द्रव्य टोचून घेतलेल्या तरुणांना एकाएकी पार्किन्सनसारखी लक्षणे दिसली, आणि लँगस्टन यांनी त्याचे कारण त्या द्रव्यात भेसळ झालेले एमपीटीपी असल्याचे शोधून काढले. पण एमपीटीपी स्वतः विषारी नाही. मेंदूतील ॲस्ट्रोसाइट पेशी मोनोअमिन ऑक्सिडेज-बी या विकराने त्याचे एमपीपी प्लस करतात आणि मग ते डोपामिन चेतापेशीत ओढले जाऊन मायटोकॉन्ड्रियातील पहिला संकुल बंद पाडते. नुसत्या चेतापेशींच्या संवर्धनात एमपीटीपी घातले तर हे रूपांतर नीट होतच नाही. एसएच-एसवाय५वायमध्ये डोपामिन आत ओढणारे प्रथिनही कमी असते, म्हणून तेथे एमपीपी प्लस मिलिमोलरमध्ये (एक मिलिमोलर म्हणजे हजार मायक्रोमोलर) द्यावे लागते, तर खऱ्या डोपामिन चेतापेशींना काही मायक्रोमोलर पुरतात. मात्रेतला शेकडो पटींचा हा फरकच परीक्षकांच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे.

मायटोकॉन्ड्रिया बंद पाडणारे रोटेनोन हे विष वापरल्यास मीडियममधील ग्लुकोज पाहावे. दर लिटरला साडेचार ग्रॅम ग्लुकोज असलेल्या नेहमीच्या मीडियममध्ये या पेशी बरीचशी ऊर्जा ग्लुकोजच्या विघटनातून मिळवतात आणि मायटोकॉन्ड्रिया बंद पडली तरी तग धरतात. ग्लुकोजऐवजी गॅलॅक्टोज दिले की त्यांना मायटोकॉन्ड्रियावर विसंबावे लागते आणि तीच मात्रा घातक ठरते. मेंदूतील चेतापेशी याच अर्थाने मायटोकॉन्ड्रियावर जगते.

जाता जाता एक गोष्ट. बडोद्याच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उष्म्यात इन्क्युबेटरच्या तळाशी ठेवलेले पाणी भराभर आटते आणि प्लेटच्या कडेच्या वेलमधील मीडियम कमी होते. कडेच्या वेलमध्ये पेशी लावू नयेत, तेथे नुसते सलाइन भरावे.

मूलपेशी-अभ्यासक, मूळचा बडोद्याचा, सध्या बेंगळुरूत

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे. दुसऱ्या मॉडेलकडे वळावे का, एवढ्याविषयी लिहितो.

लहान प्रयोगशाळेला झेपेल आणि तरीही खऱ्या डोपामिन चेतापेशीच्या बरेच जवळ जाईल असे मॉडेल म्हणजे लुह्मेस ही सेल लाइन. आठ आठवड्यांच्या मानवी भ्रूणाच्या मध्यमेंदूतील पेशींत एक जनुक घालून त्या विभाजन पावत राहतील अशा केल्या आहेत, आणि टेट्रासायक्लिन दिले की ते जनुक बंद होते. मग सुमारे सहा दिवसांत पेशींचे विभाजन थांबते, लांब तंतूंचे जाळे तयार होते, डोपामिन आत ओढणारे प्रथिन येते आणि एमपीपी प्लस काही मायक्रोमोलरमध्येच त्यांना मारते. प्लेटवर आधी पॉलिऑर्निथिन आणि फायब्रोनेक्टिनचा थर द्यावा लागतो, नाहीतर पाचव्या दिवशी मीडियम बदलताना पेशींचा अख्खा पडदा निघून पिपेटमध्ये येतो. पहिल्या दोन महिन्यांत हे होणारच, त्याने खचून जाऊ नये.

मात्र लुह्मेसच्या नेहमीच्या विभेदन मीडियममध्ये जीडीएनएफ घालतात. हे प्रथिन १९९३ साली सापडले तेच मुळी मध्यमेंदूतील डोपामिन चेतापेशींना जगवणारा घटक म्हणून. ज्या मीडियममध्ये जगवणारा घटक आधीच भरपूर आहे तेथे अर्काच्या रक्षणाचा परिणाम झाकला जाऊ शकतो, किंवा तो जीडीएनएफच्या साथीनेच दिसतो. म्हणून विष देण्यापूर्वी तो काढून टाकलेला एक गट अवश्य ठेवावा.

प्राथमिक संवर्धन, म्हणजे चौदा दिवसांच्या उंदराच्या भ्रूणाचा मध्यमेंदू काढून केलेले संवर्धन, हे आजही फार मोलाचे आहे, कारण त्यात चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी सोबत असतात. पण त्यात डोपामिन चेतापेशी शेकड्याला मोजक्याच निघतात. एमटीटीचा रंग तेथे निरर्थक ठरतो, कारण तो बाकीच्या पेशी देतात. प्रत्येक डोपामिन पेशी रंगवून, हाताने मोजावी लागते. प्राणी-प्रयोगांच्या नीतिसमितीची परवानगी मिळण्यातही वेळ जातो.

प्रेरित बहुक्षम मूलपेशींविषयी सर्वांनाच कुतूहल असते. यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतील पेशींपासून त्या बनवल्या, आणि २०११ साली स्टुडर यांच्या गटाने त्यांच्यासारख्या मूलपेशींना भ्रूणातील मध्यमेंदूच्या तळपट्टीच्या मार्गाने नेऊन अस्सल म्हणता येतील अशा डोपामिन चेतापेशी मिळवल्या. या पद्धतीचे खरे सामर्थ्य असे की रुग्णाची पेशी घेता येते. ज्या कुटुंबात अल्फा-सायन्युक्लीन या, पार्किन्सनमध्ये पेशीत साचणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाच्या जादा प्रती आहेत, त्या कुटुंबातील व्यक्तीच्या पेशींत हे प्रथिन वाढलेले दिसते, कोणतेही विष न घालता. तेच जनुक दुरुस्त केलेली, बाकी सर्व बाबतींत तीच असलेली पेशी कंट्रोल म्हणून ठेवता येते. इतका प्रामाणिक कंट्रोल दुसऱ्या कोणत्याही मॉडेलमध्ये मला आढळलेला नाही.

पण या मार्गाला दोन वर्षे पुरणार नाहीत. चेतापेशी परिपक्व व्हायला दोन महिन्यांहून अधिक काळ लागतो, एका घाण्यात डोपामिन पेशी पुष्कळ निघतात तर दुसऱ्यात थोड्या, वाढघटकांचा खर्च मोठा असतो, आणि २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे संस्थेची मूलपेशी संशोधन समितीही असावी लागते. शिवाय सत्तर वर्षांच्या रुग्णाची त्वचापेशी मूलपेशी झाली की तिचे वय पुसले जाते आणि तिच्यापासून झालेली चेतापेशी भ्रूणातल्यासारखी कोवळी निघते. पार्किन्सन हा बहुतांशी उतारवयातला आजार आहे, हे आठवले की या उणिवेचे वजन कळते.

कोणत्याच प्लेटवर न उतरणारी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मध्यमेंदूच्या सब्स्टॅन्शिया नायग्रा या भागातील एकेका डोपामिन चेतापेशीचा तंतू झाडासारखा फांद्या फुटत मेंदूच्या स्ट्रायटम या भागात पसरतो आणि लाखो ठिकाणी दुसऱ्या पेशींना भेटतो. उंदरात अशा एकाच पेशीच्या सर्व शाखांची लांबी मोजली तेव्हा ती सरासरी सुमारे अर्धा मीटर भरल्याचे आढळले. ही पेशी स्वतःच्या ठेक्यावर अखंड स्पंदत असते, प्रत्येक ठेक्याला कॅल्शियम आत घेते आणि ते बाहेर काढण्यासाठी ऊर्जा खर्च करते. तीच का मरते आणि शेजारच्या भागातील डोपामिन पेशी तुलनेने का तगतात, याचे मोठे कारण या रचनेतच असावे असे मला वाटते. ९६ वेलच्या प्लेटमधली पेशी हा भार वाहतच नाही. म्हणून मॉडेल कोणतेही घेतले तरी प्रबंधात ‘चेतापेशींचे रक्षण’ असे न लिहिता ‘अमुक विषापासून अमुक पेशींचे रक्षण’ असेच लिहावे.

तुमच्या जागी मी असतो तर पहिले वर्ष एसएच-एसवाय५वायवर वरील सर्व कंट्रोल पूर्ण करण्यात घालवले असते, आणि जे टिकेल तेवढेच दुसऱ्या वर्षी लुह्मेसवर तपासले असते.

शोधविद्यार्थिनी, बडोदे

दोन्ही सरांचे मनापासून आभार. पेशींविना प्लेट उद्याच लावते.

एक गोष्ट विचारायची राहिली, आणि ती केवळ प्रबंधाची नाही. अर्काची मात्रा वाढवली तेव्हा विष न देताही पेशी मरू लागल्या, आणि शुद्ध लेव्होडोपानेही तसेच झाले. जेवताना घरी हे बोलले गेले. काकांनी ते ऐकले, आणि दोन दिवसांनी काकूंच्या लक्षात आले की त्यांनी लेव्होडोपाची दुपारची गोळी घेणे बंद केले आहे. ‘जे पेशींना मारते ते मी का घेऊ’ असे ते म्हणाले. मला त्यांना काय सांगावे हे कळत नाही.

मेंदूविकारतज्ज्ञ, बडोदे

काकांना आज संध्याकाळीच सांगा की गोळी ठरलेल्या वेळी पुन्हा सुरू करायची, आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन करून मध्ये किती मात्रा चुकल्या ते कळवा. लेव्होडोपा एकाएकी बंद केल्यास शरीर ताठरून ताप चढण्यासारखी गंभीर अवस्था उद्भवू शकते. गोळीच्या जोडीने ते कौंच्याचे चूर्ण घेत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्यातील लेव्होडोपा कुणी हिशेबात धरलेला नसतो आणि अनैच्छिक हालचाली वाढल्या की कारण सापडत नाही.

तुमच्या काकांची भीती नवी नाही. १९९० च्या दशकात हीच भीती डॉक्टरांनाही होती आणि तिचा उगम पेशींच्या प्लेटमध्येच होता. संवर्धनात लेव्होडोपा घातला की पेशी मरतात असे एकामागून एक अहवाल आले आणि अनेक रुग्णांचे औषध जमेल तितके लांबवले गेले. हातापायांत बळ असून हालचाल अडून बसलेल्या माणसांना वर्ष-वर्ष थांबायला सांगितले गेले. मी तेव्हा शिकत होतो, आणि एका गृहस्थांनी स्वतःच्या मुलीच्या लग्नात अक्षता टाकता येईनात म्हणून हात धोतराच्या सोग्यात लपवल्याचे आजही आठवते. त्यांचे औषध ‘पुढच्या वर्षी पाहू’ म्हणून लांबवलेले होते.

त्या प्लेटमध्ये काय घडत होते ते वरच्या उत्तरांत आलेच आहे. प्रयोगात लेव्होडोपा शंभर मायक्रोमोलर किंवा त्याहून अधिक दिला जाई, तर गोळी घेतल्यावर रक्तातील पातळी साधारण दहा मायक्रोमोलरच्या आसपास जाते. मीडियमवर हवेतला ऑक्सिजन असे आणि मेंदूत त्याचे प्रमाण पुष्कळ कमी असते. रक्षण करणाऱ्या ग्लिया पेशी तेथे नसत. त्या सोबत ठेवल्या, किंवा नुसते त्यांच्यावरून काढलेले मीडियम दिले, तरी विषारीपणा बराच घटतो असे नंतर दिसून आले.

शेवटी प्रश्न रुग्णांमध्येच तपासावा लागला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एलडोपा चाचणीत नुकतेच निदान झालेल्या ३६१ रुग्णांना ४० आठवडे वेगवेगळ्या मात्रांत लेव्होडोपा किंवा निष्क्रिय गोळी दिली आणि मग औषध दोन आठवडे थांबवले. लेव्होडोपा घेतलेल्यांची अवस्था न घेतलेल्यांपेक्षा बिघडलेली नव्हती, उलट बरी होती. मेंदूच्या छायाचित्रणात मात्र कल उलटा दिसला, त्यामुळे शंका पूर्ण मिटली नाही. २०१९ साली नेदरलँड्समधील लीप चाचणीत ४४५ रुग्णांपैकी निम्म्यांना औषध लगेच दिले आणि निम्म्यांना ४० आठवडे उशिरा. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. औषधाने आजार वाढवला नाही आणि थोपवलाही नाही. लवकर सुरू केलेल्यांचे मधले दिवस तेवढे सुसह्य गेले.

या कथेची दुसरी बाजू जीडीएनएफची आहे. प्लेटमध्ये इतके खात्रीचे रक्षण करणारे प्रथिन विरळाच. ते मेंदूत थेट सोडून केलेल्या २००३ मधील पहिल्या छोट्या चाचणीने खूप आशा निर्माण केली, पण निष्क्रिय द्रावणाशी तुलना करणाऱ्या २००६ आणि २०१९ च्या चाचण्यांत ते ठरवलेल्या मुख्य निकषावर उतरले नाही. प्रथिन पुरेशा भागात पसरले नाही, रुग्णांत वाचवण्याजोगे तंतूच फार थोडे उरले होते, अशी कारणे सांगितली जातात. पण मला सर्वांत विचार करायला लावणारे कारण स्वीडनमधील प्रयोगांतून पुढे आले. अल्फा-सायन्युक्लीन साचलेल्या चेतापेशीत नर्र१ हे नियंत्रक प्रथिन घटते, त्यामुळे जीडीएनएफचा संदेश घेणारे रेट हे ग्राही प्रथिनही घटते आणि पेशीला तो संदेश ऐकूच येत नाही. ६-हायड्रॉक्सीडोपामिनने इजा केलेल्या पेशीत हे घडत नाही. म्हणजे विषाच्या मॉडेलमध्ये औषध यशस्वी ठरले कारण त्या मॉडेलमध्ये आजाराचा तो भागच नव्हता.

म्हणून माझी विनंती अशी की पुढच्या टप्प्यात विषाशिवायचे एक मॉडेल ठेवा. अल्फा-सायन्युक्लीनचे तयार धागे अल्प प्रमाणात दिले की काही दिवसांत पेशीचे स्वतःचे सायन्युक्लीनही गोळा होऊ लागते. प्राथमिक चेतापेशींत ही पद्धत २०११ पासून रूढ आहे.

शोधविद्यार्थिनी, बडोदे

काकांनी गोळी पुन्हा सुरू केली. त्यांना मी प्लेट प्रत्यक्ष दाखवली आणि या वेलमधले औषध गोळी घेतल्यावर रक्तात असते त्याच्या दहापट दाट आहे असे सांगितले, तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. हात थरथरत होता म्हणून प्लेटचे दुसरे टोक मी धरले होते.

पेशींविना प्लेटचा निकाल आला आहे. अर्काच्या दोन वरच्या मात्रांत रिकाम्या वेलही जांभळ्या झाल्या, सर्वांत खालच्या मात्रेत रंग जवळजवळ आला नाही. आधी अर्क, मग दोनदा धुणे, मग विष, असा क्रम कालच पूर्ण केला. गडद जांभळा रंग आता दिसत नाही, पण खालच्या मात्रेच्या वेल नुसत्या विषाच्या वेलपेक्षा किंचित गडद आहेत. हा फरक खरा आहे की माझी इच्छा आहे, हे ठरवण्यासाठी त्याच पेशींवरील मीडियम एलडीएचसाठी काढून ठेवले आहे. परीक्षकांना लिहून कळवले आहे की तीन महिने द्यावेत.

पेशीसंवर्धक, पुणे

मीडियम ताजे असतानाच मोजा, गोठवून ठेवल्यास एलडीएचची क्रियाशीलता घटते. आणि मोजण्यापूर्वी मुद्दाम फोडलेल्या पेशींच्या द्रावणात अर्क मिसळून पाहा. काही वनस्पतींचे अर्क एलडीएच विकरालाच अडवतात, आणि मग मेलेल्या पेशीही वाचल्यासारख्या दिसतात. वेलमध्ये न टाकता वाचवून ठेवलेला थोडा अर्क त्यासाठी पुरेल.